सेवा कोणाची, त्याग कोणाचा?

अर्थशास्त्रज्ञाचे स्मरण देवळाच्या परिसरात वाचल्या जाणाऱ्या मासिकाने का करावे, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. संत, कीर्तनकार, दानशूर महाजन, गेला बाजार एखादे वेदशास्त्रसंपन्न पंडित, यांच्या पुण्यतिथीचे लेख आपल्याकडे रीतीप्रमाणे येतच असतात. परंतु ज्याने आयुष्यभर मजुरी, बाजारभाव, ऊस आणि खानेसुमारी यांचे आकडे चाळले, त्याच्याशी आपले नाते कोणते? आम्हांस वाटते, नाते आहे. आणि ते जरा अडचणीचे आहे. म्हणूनच त्याविषयी लिहावयाचे.

कै. धनंजय रामचंद्र गाडगीळ यांचा जन्म १९०१ साली नाशिकास झाला. केंब्रिज येथे त्यांनी हिंदुस्थानच्या औद्योगिक उत्क्रांतीवर लिहिलेला प्रबंध १९२४ मध्ये ग्रंथरूपाने निघाला आणि पुढे कित्येक पिढ्यांनी तो पाठ्यपुस्तकासारखा वाचला. पुण्यात १९३० मध्ये गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्था निघाली तेव्हापासून १९६६ पर्यंत ते तिचे संचालक होते. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत विठ्ठलराव विखे पाटील यांच्या खांद्यास खांदा लावून ते उभे राहिले. १९६७ पासून ते नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष होते आणि ३ मे १९७१ रोजी निवर्तले. हे सारे पुष्कळांस ठाऊक आहे. ठाऊक नसते ते एक लहानसे पुस्तक. कुंदा दातार यांच्या स्मरणार्थ १९६४ मध्ये जी व्याख्याने झाली, त्यांसाठी गाडगीळांनी विषय निवडला तो भारतातील श्रमशक्तीत स्त्रियांचे स्थान हा. ती व्याख्याने पुढच्याच वर्षी इंग्रजीत छापली गेली. साखर, सहकार आणि योजना यांचा पसारा ज्याच्यापुढे मांडलेला होता, त्याने त्या काळी हा विषय घ्यावा ही गोष्ट साधी नव्हे. त्या वेळी स्त्रियांचा प्रश्न म्हणजे शिक्षणाचा, विवाहाचा, फार तर वारसाचा प्रश्न समजला जात असे. स्त्री ही श्रम करणारी व्यक्ती आहे, आणि तिच्या श्रमाचा देशाच्या हिशेबात विचार झाला पाहिजे, हे म्हणणे अजून दिवाणखान्यात यावयाचे होते. देशभरातील स्त्रियांच्या स्थितीची पाहणी करणाऱ्या समितीचा प्रसिद्ध अहवाल आला तोही १९७४ मध्ये, म्हणजे गाडगीळांच्या मागे तीन वर्षांनी.

आता मोजणे म्हणजे काय, ते पाहू. कारण सारी गोम त्यातच आहे. १९६१ च्या जनगणनेत सुमारे ६ कोटी स्त्रिया काम करणाऱ्या म्हणून नोंदल्या गेल्या. १९७१ च्या जनगणनेत त्या जेमतेम ३ कोटींच्या वर राहिल्या. दहा वर्षांत निम्म्या स्त्रिया हातपाय बांधून घरी बसल्या काय? तसे मुळीच नाही. शेतात निंदणी चालूच होती, गुरांना वैरण पडतच होती. बदलला होता तो प्रश्न. १९६१ मध्ये हंगामाच्या बहुतेक काळात दिवसाकाठी तासाभराहून अधिक नेमाने काम करणारी व्यक्ती ‘कामकरी’ धरली होती. १९७१ मध्ये आधी विचारले गेले की तुमचे मुख्य काम कोणते? घरातील कर्त्या पुरुषाने आपल्या बायकोविषयी उत्तर दिले, ‘घरकाम’, आणि लेखणीच्या एका रेघेसरशी कोट्यवधी स्त्रिया कामकऱ्यांच्या यादीतून पुसल्या गेल्या. सरकारी नमुना पाहणीत आजही प्रत्येक माणसाला एक सांकेतिक अंक मिळतो. केवळ घरकाम पाहणारी ती ९२. घरकाम पाहून शिवाय सरपण, रानभाजी, चारा आणणारी, घरासाठी शिवणारी-विणणारी ती ९३. हे दोन्ही अंक ‘श्रमशक्तीच्या बाहेर’ या रकान्यात पडतात. डोक्यावर मोळी घेऊन दोन कोस चालणारी बाई श्रमशक्तीच्या बाहेर आहे, हे वाचून हसावे की रडावे ते कळत नाही. तथापि अंक ठरविणाऱ्यांस दोष देऊन आपण मोकळे होऊ नये. त्यांनी आपल्याच तोंडची भाषा उचलली आहे. ‘सूनबाई काय करतात?’ या प्रश्नास ‘काही नाही, घरीच असतात’ हे उत्तर आपल्या ओसरीवर शतकानुशतके दिले गेले आहे.

इंग्लंडातील अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी १९२० साली एक गमतीची अडचण दाखवून दिली होती. एखाद्या गृहस्थाने पगारी स्वयंपाकिणीशी लग्न केले की देशाचे उत्पन्न तेवढ्याने घटते! बाई तीच, चूल तीच, आमटीही तीच. केवळ पगार थांबला. गेल्या काही वर्षांत आपल्या देशात लोकांच्या वेळेचीच मोजणी होऊ लागली आहे. २०१९ च्या पाहणीत असे आढळले की, सहा वर्षांवरील शंभर स्त्रियांपैकी ८१ जणी दिवसभरात बिनमोलाचे घरकाम करतात, आणि शंभर पुरुषांपैकी २६ जण. जे करतात त्यांच्यातही स्त्रियांचा वेळ दिवसाला २९९ मिनिटे आणि पुरुषांचा ९७. पाच वर्षांनी, २०२४ मध्ये, हेच आकडे २८९ आणि ८८ झाले. म्हणजे यंत्रे आली, गॅस आला, दोघांचाही वेळ थोडा उतरला. परंतु दोघांमधील अंतर जसेच्या तसे उरले.

येथे आमचे कोणी वडीलधारे वाचक म्हणतील, ‘हे सारे मान्य, परंतु आईच्या हातच्या भाकरीला तुम्ही मिनिटे लावणार? देवाच्या नैवेद्याला तास लावणार? मोजल्याने प्रेम आटते, सेवा बाटते.’ हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. ज्या गोष्टी मोल लावताच आपले रूप गमावतात, अशा गोष्टी जगात आहेत, आणि त्या असाव्यात असे आम्हांसही वाटते. परंतु मोजणे आणि मोल लावणे ही दोन वेगळी कामे आहेत. आपल्या घरच्या स्त्रियांनीच हे आपल्याला शिकविले आहे. लक्षवातींचे व्रत घेणारी आजी कापसाची एकेक वात मोजून ठेवते. त्या मोजणीने तिची भक्ती उणी होत नाही, उलट त्या मोजणीतच तिचा संकल्प जिवंत असतो. जपाची माळ हे मोजण्याचेच साधन आहे. सोळा सोमवार हे सोळाच असतात, सव्वा पंधरा नव्हेत. ज्या धर्माने वाती, प्रदक्षिणा आणि नामे मोजली, त्या धर्माला वाती वळणाऱ्या बोटांचे तास मोजल्याने विटाळ व्हावा हे आम्हांस पटत नाही.

पण यापेक्षाही खोल एक मुद्दा आहे, आणि आमच्या मते या विषयाचा गाभा तोच होय. सेवेचे सारे पुण्य त्यागात आहे. सेवा करणारा आपल्या श्रमाचे फळ सोडून देतो, म्हणून ती सेवा. आता, जे आपले नाही ते सोडून कसे देता येईल? आम्ही इंदूरकर याचे उत्तर आपल्या गावच्या इतिहासातच वाचू शकतो. अहिल्याबाई होळकरांनी काशीपासून सोमनाथापर्यंत मंदिरे उभारली, घाट बांधले, अन्नछत्रे चालविली. आपल्या मंदिरनिष्ठ समाजात त्यांचे नाव प्रातःस्मरणीय आहे. परंतु हे दान त्यांनी कोठून केले? दौलतीच्या खजिन्यातून नव्हे, ‘खासगी’तून. मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांना १७३४ मध्ये पेशव्यांकडून स्वतंत्र उत्पन्न लावून मिळाले, तेच हे खासगीचे मूळ. पुढे ते सासूकडून सुनेकडे आले. राजकारभार वेगळा आणि राणीचे उत्पन्न वेगळे. अहिल्याबाईंची श्रद्धा थोर होतीच; पण त्या श्रद्धेला हात फुटले ते स्वतःच्या मालकीच्या उत्पन्नामुळे. खासगी नसती, तर त्या माउलीला प्रत्येक घाटासाठी कोणापुढे तरी पदर पसरावा लागता, आणि मग दान त्या दुसऱ्याचे झाले असते.

कोणी म्हणेल, गीतेने तर फळावर अधिकारच नाही असे सांगितले आहे. मग मालकीचा प्रश्न कशाला? परंतु गीतेचा तो उपदेश कोणाला आहे, हे आपण विसरतो. तो कर्म करणाऱ्याला आहे. अर्जुनाने फळाची आसक्ती सोडावी असे श्रीकृष्ण अर्जुनाला सांगतात. अर्जुनाचे फळ शेजारच्या रथातील कोणी उचलून न्यावे असे कोठेही सांगितलेले नाही. उलट तिसऱ्या अध्यायात, जो मिळालेले भोगतो आणि परत काही देत नाही त्याला चोर म्हटले आहे, आणि लगेच पुढे केवळ स्वतःसाठी अन्न शिजविणाऱ्याचा विषय काढला आहे. रांधणाऱ्या हातांचा विचार गीतेच्या मनात नव्हता असे कोण म्हणेल? फलत्याग हा ज्याचा त्याने करावयाचा असतो. बायकोच्या श्रमाच्या फळाचा त्याग नवऱ्याने करणे, किंवा भगिनीवर्गाच्या श्रमाच्या फळाचा त्याग समितीने ठराव करून करणे, हा निष्काम कर्मयोग नव्हे. त्याला आपल्या भाषेत जुना शब्द आहे: वेठ.

धर्मशास्त्राकडे पाहिले तर ही गुंतागुंत तेथेही दिसते. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनी इतस्ततः विखुरलेली वचने गोळा करून कात्यायनस्मृतीचा व्यवहारभाग १९३३ मध्ये सिद्ध केला. स्त्रीधनाच्या बाबतीत कात्यायन इतर स्मृतिकारांहून उदार मानला जातो. तरीही तो म्हणतो की, स्त्रीने शिल्पकर्माने, म्हणजे आपल्या हातच्या कसबाने, जे धन मिळविले त्यावर स्वाम्य पतीचे. बाकीचे ते स्त्रीधन. माहेरून आलेले, लग्नात मिळालेले, प्रेमाने आईबापांनी दिलेले तिचे. परंतु कमावलेले तिचे नाही! देणगीची ती धनीण, श्रमाची नाही. स्मृतिकाराला दोष देण्याचा आमचा हेतू नाही. त्याने आपल्या काळची रीत नोंदविली. पण ती रीत किती चिवट निघाली ते पाहावे. एकत्र कुटुंबाच्या पैशाने शिकलेल्या माणसाची पुढील कमाई त्याची स्वतःची की कुटुंबाची, हा वाद कोर्टात वर्षानुवर्षे चालला आणि मुकुंदराव जयकरांच्या प्रयत्नाने १९३० मध्ये हिंदू विद्याधनाचा कायदा झाला, तेव्हा कमाई शिकणाऱ्याची ठरली. त्या वेळी डोळ्यांपुढे होता तो वकील झालेला मुलगा. स्त्रीला आपल्या मिळकतीची पूर्ण मालकीण मानणारे कलम त्यानंतर २६ वर्षांनी, १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात आले.

गोमंतकाकडील आमच्या वाचकांना याहून बोचरे उदाहरण माहीत आहे. आणि ते टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. देवळाचा चौक झाडणे, दिवे लावणे, चवरी ढाळणे, पालखीपुढे गाणे ही कामे ज्या घराण्यांतील स्त्रियांवर जन्मानेच लादली गेली, त्यांच्या श्रमालाही आपण ‘सेवा’ हाच पवित्र शब्द वापरीत होतो. नकार देण्याची सोय नसलेली ती सेवा होती, आणि तिच्या आडून त्यांच्या वाट्यास जे जिणे आले त्याचे वर्णन येथे करण्याची गरज नाही. त्या समाजातील स्त्री-पुरुषांनीच ते जोखड मोडले. राजाराम पैंगीणकर यांचे ‘मी कोण?’ हे १९६९ चे आत्मवृत्त ज्यांनी वाचले असेल, त्यांना ठाऊक असेल की ही लढाई देवाशी नव्हती. ती एका शब्दाच्या गैरवापराशी होती. शाळा काढणे, मुलींना शिकविणे, लग्ने लावणे आणि गोमंतक मराठा समाज हे नाव ताठ मानेने घेणे, या मार्गाने ती जिंकली गेली. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांना पुढे पद्मभूषण मिळाले, १९६९ आणि १९७४ मध्ये. गाणे तेच होते. फरक इतकाच की, आता कोठे गावयाचे आणि कोठे नाही हे गाणारीच ठरवू लागली होती. आणि देवापुढे जेव्हा ती गायिली, तेव्हा ती खरी सेवा झाली.

हे झाले इतिहासाचे. आता आपल्या दारापाशी येऊ. स्नेहलतागंजातील आमच्या परिचयाच्या मंडळींच्या एका उत्सवाचा हिशेब आम्ही अलीकडेच वाचला. (स्नेहलतागंज काय, मनोरमागंज काय, इंदुरातील वस्त्यांना स्त्रियांची नावे देण्यात कोणी हात आखडता घेतलेला नाही; नावापुरता मान आपण मोठ्या मनाने देतो.) हिशेब चोख होता. मांडव, विजेची रोषणाई, फुले, भटजींची दक्षिणा, आचाऱ्याची मजुरी, छपाई, सारे पैशापर्यंत नोंदलेले. संतर्पणाच्या दिवशी पहाटे चारपासून ज्या पंचवीस-तीस जणींनी पुरण वाटले, कणीक तिंबली आणि शेकडो पोळ्या लाटल्या, त्यांची नोंद हिशेबाखालच्या आभाराच्या ओळीत होती: ‘भगिनीवर्गाचे सहकार्य लाभले.’ आणि ज्या दोन बायांनी त्या दिवशी दुपारी तीनपासून रात्री दहापर्यंत पातेली घासली, त्यांची नोंद ‘किरकोळ’ या सदरात, दोरी, खिळे आणि आगपेट्यांच्या शेजारी होती.

या दोन नोंदी एकमेकींशेजारी ठेवून पाहाव्यात, असे आम्ही वाचकांस विनवितो. एकीच्या श्रमाला मोल नाही, कारण ती सेवा आहे. दुसरीच्या श्रमाला मोल आहे, पण ते किरकोळ. आम्हांस असे दिसते की, या दोन गोष्टी एकाच दोरीने बांधलेल्या आहेत. भांडी घासणे, लाटणे, झाडणे, पुसणे हे घरातली स्त्री फुकट करते. तेव्हा जे फुकट मिळते त्याला बाजारात किती द्यायचे? म्हणून मोलकरणीची मजुरी पडलेली राहते. आणि मोलकरणीची मजुरी पडलेली असते म्हणून घरातल्या स्त्रीच्या कामाची किंमत करू गेल्यास ती हास्यास्पद निघते, आणि मग आपण म्हणतो, पाहा, यात मोजण्यासारखे आहे तरी काय! सवर्ण मध्यमवर्गातील स्त्री आणि तिच्या घरी धुणीभांडी करणारी स्त्री एकमेकींना नकळत स्वस्त करीत असतात, आणि दोघींच्या स्वस्ताईचा लाभ जेवणारास होतो. आपल्या शिकलेल्या सुना नोकरीस बाहेर पडल्या, त्याचा आपणांस अभिमान आहे, आणि असावा. परंतु पहाटे आपल्या गल्लीत सायकलवरून वा पायी येणाऱ्या ज्या बायांच्या खांद्यावर हा अभिमान उभा आहे, त्यांची मुलगी शाळेत जाते की आईबरोबर दुसरे घर धरते, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारले आहे?

हातमागाच्या घरांतही हेच. महेश्वर आम्हांस जवळचे. तेथील साडीचे कौतुक देशभर आहे, आणि विणकर म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे मागावर बसलेला पुरुष येतो. कांड्या भरणारी, सूत उकलून देणारी त्याची बायको विणकर नव्हे, ती ‘मदत करते’. १९७० च्या दशकाच्या अखेरीस तेथे निघालेल्या रेहवा संस्थेने स्त्रियांना मागावर बसवून विणकाम शिकविले, तेव्हा त्याच बाया मजुरी मिळविणाऱ्या विणकर झाल्या.

गोखले संस्थेतच काम केलेल्या कुमुदिनी दांडेकर यांचे स्मरण येथे केलेच पाहिजे. लोकसंख्या हा त्यांचा मूळ विषय, वि. म. दांडेकरांबरोबर पुणे जिल्ह्यातील जननमृत्यूची पाहणी त्यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केली होती. पुढे महाराष्ट्राची रोजगार हमी योजना हा त्यांच्या अभ्यासाचा विषय झाला. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेली, १९७२ च्या दुष्काळात पाय रोवलेली आणि २६ जानेवारी १९७९ पासून कायद्याच्या बळावर चाललेली ही योजना गरजू माणसास काम देण्यासाठी होती. स्त्रियांसाठी म्हणून ती निघाली नव्हती. परंतु १९८३ च्या आपल्या पुस्तकाच्या शीर्षकातच दांडेकरांनी तिला स्त्रियांना मिळालेली रोजगाराची संधी म्हटले. कारण कामावर स्त्रिया लोटल्या होत्या. काम गावापासून फार दूर नाही, मजुरी कामाच्या मापावर, बाई की बाप्या हे न पाहता. तान्ह्या मुलासाठी कामाच्या जागी सोय. एवढ्या अटी पुऱ्या होताच, ज्या स्त्रियांना काम नको आहे असे मानले जात होते त्या पहाटे खडी फोडायला हजर. यातून एक गोष्ट आम्ही शिकलो. स्त्रिया ‘श्रमशक्तीच्या बाहेर’ स्वखुशीने बसल्या आहेत असे जेव्हा कोणी म्हणेल, तेव्हा त्यांच्यापुढे दुसरा पर्याय ठेवला होता काय, हे आधी विचारावे. निवडीवाचून खुशी कळत नाही. २००५ चा केंद्रीय कायदा याच योजनेच्या धर्तीवर झाला, आणि त्याखालच्या कामाच्या दिवसांतही निम्म्याहून अधिक वाटा स्त्रियांचा होता.

मुंबईच्या गिरणगावातही निराळे घडले नाही. १९२० च्या दशकात तेथील कापडगिरण्यांत साधारण पाचांतील एक कामगार स्त्री होती. वाइंडिंग-रीलिंगच्या खात्यांत नवी यंत्रे आली, रात्रपाळी स्त्रियांना बंद झाली, बाळंतपणाचा खर्च मालकांना जड वाटू लागला, आणि काही दशकांत हा आकडा अगदी खाली आला. त्या बाया गेल्या कोठे? पुष्कळशा खानावळी चालवू लागल्या. गोव्याच्या मुक्तिलढ्यातून आलेल्या प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढले ते या खानावळवाल्यांसाठी. त्यांच्या रांधण्याला बँकेने कर्ज दिले तेव्हा ते रांधणे धंदा ठरले.

शिक्षणाविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून हा लेख अपुरा राहील, कारण आपल्या समाजाने मुलींच्या शिक्षणात मागे राहिल्याचा ठपका कधी घेतला नाही. महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढले तेव्हापासून आपल्या घरांतून मुली शिकत आल्या. परंतु शिकवून काय करावयाचे, याचे उत्तर आपण दोन तोंडांनी दिले. मुलगी पदवीधर हवी, पण ‘नोकरी करण्याची गरज नाही’ असे म्हणता यावे अशा घरी पडायला हवी. पुरुषाची प्रतिष्ठा त्याच्या बायकोला कमवावे लागत नाही यावरून मोजली गेली. आणि घर थोडे सुस्थितीत आले की शेतावर जाणारी सूनही हेच अनुकरण करून घरी बसली. २०२३ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनी अमेरिकेची दोनशे वर्षे तपासून दाखविले आहे की, शेतीकडून कारखान्याकडे देश वळतो तेव्हा स्त्रियांचा कामातील वाटा उतरतो आणि कचेऱ्या-शाळांची कामे वाढली की पुन्हा चढतो. आपल्याकडे १५ वर्षांवरील स्त्रियांचे श्रमशक्तीतील प्रमाण सरकारी पाहणीत २०१७-१८ मध्ये शेकडा २३ होते, ते २०२३-२४ मध्ये शेकडा ४१ च्या वर गेले. ही वाढ पाहून हुरळून जाण्यापूर्वी हे लक्षात घ्यावे की, तिच्यातील मोठा भाग शेतावर वा घरच्या धंद्यात, पुष्कळदा बिनपगारी, काम करणाऱ्या स्त्रियांचा आहे. म्हणजे शाळेने जिला वाचायला शिकविले तिच्यासाठी कामाची जागा अजून बेतानेच उघडली आहे.

गाडगीळांचा गौरव तसबिरीला हार घालून करण्यात काही गैर नाही. पुण्यातील लोक तो करतीलच. आमच्या वाचनमंडळात मात्र असे ठरले की, मोजणाऱ्याचा मान मोजून राखावा. वर सांगितलेल्या उत्सवाच्या मंडळींशी बोलणे झाले. गोव्यातील बहुतेक देवस्थानांत महाजनकी पुरुषवंशाने चालत आली. आमच्या इकडे तसा लिखित नियम नसताही समितीत नावे पुरुषांचीच असतात. तेव्हा तेथे थोडी कुरकुर झाली. एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, ‘मग आम्ही मांडवात दिवसभर उभे असतो तेही लिहा.’ महिला मंडळाच्या काकूंनी ताबडतोब होकार दिला. अट एवढीच की, चहाचा वेळ वजा करावा. शेवटी हिशेबवहीत एक पान वाढविण्यात आले आहे. त्यात चार रकाने आहेत: नाव, काम, किती वेळ, आणि चौथा, ज्याविषयी सर्वांत अधिक बोलणे झाले, ‘आधी विचारले होते काय?’ भांडी घासणाऱ्या बायांची नावेही त्याच पानावर येतील, आणि त्यांची मजुरी ‘किरकोळ’मधून काढून ‘स्वयंपाक’ या सदरात, आचाऱ्याच्या खालच्या ओळीत घातली जाईल. ती किती असावी, यावर एकमत झालेले नाही. आचाऱ्याच्या निम्मी असे एक मत आहे, तासाला तास असे दुसरे. काकू दुसऱ्या मताच्या आहेत. उत्सव मार्गशीर्षात आहे.